गाडीच्या एसीचा कंडेन्सर लीक आहे का, हे घरी सुरक्षितपणे कसं बघायचं?

सिंहगडरोडकर
मंडळी, मदत हवीये. जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, गेल्या उन्हाळ्यात एसीचा गॅस भरून घेतला होता, मग पावसाळा-हिवाळा एसी फारसा लागलाच नाही आणि आता एप्रिलमध्ये लावला तर नुसता वारा, गार काही नाही. एका गॅरेजमध्ये म्हणाले कंडेन्सर (पुढच्या ग्रिलमागची, एसीचा गरम गॅस गार करणारी जाळी) गेलाय, बदलावा लागेल. दुसरीकडे म्हणाले कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी जाळी) लीक आहे, अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागेल. दोन्हीकडे कोणी ग्रिलच्या आत टॉर्च मारून बघितलंसुद्धा नाही, गेज लावलं, मान हलवली, आकडा सांगितला. बाबांना डायलिसिसला हडपसरला घेऊन जाते, वेळ मिळते ती दुपारची, परत येताना ते इतके थकलेले असतात की काचा खाली करून नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये त्यांना बसवून ठेवणं नको होतं. खर्चाला ना नाही, पण लीक नेमका कुठे आहे हे कोणीतरी डोळ्यांनी दाखवावं आणि मग पैसे मागावेत एवढंच म्हणणं आहे. कंडेन्सर तर पुढेच असतो ना, तो मला स्वतःला तपासता येईल का? गॅस अंगावर उडणं वगैरे न होता?

पौडफाटा_८९
ताई एवढं डोक्याला लावून घेऊ नका, टॉपअप मारून घ्या, सीझन निघून जातो. आमच्या सोसायटीत निम्मे लोक दर मार्चमध्ये हेच करतात.

भोसरीकर_एसीवाला
ताई, टॉपअप अजिबात मारू नका, आधी कारण सांगतो. एसीत गॅस कमी झाला की नुसतं गार कमी होत नाही, कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरत असतं, गॅस कमी म्हणजे ऑइल कमी परत येतं आणि लीकमधून थोडं थोडं बाहेरही जातं. असे टॉपअप मारमारून चालवलेले कॉम्प्रेसर जॅम होऊन आमच्याकडे येतात, मग त्याच्या आतला चुरा सगळ्या पायपांत गेलेला असतो आणि जे काम एका कंडेन्सरमध्ये भागलं असतं ते चौपट होतं. गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही, बंद सिस्टिम आहे, कमी झालाय म्हणजे कुठून तरी गेलाय. जुन्या गाडीत रबरी होजमधून, सीलमधून वर्षाला थोडा जातो हे खरं, पण एका वर्षात पूर्ण गार बंद म्हणजे ठसठशीत लीक आहे.

आता घरी काय करता येईल. एक नियम डोक्यात पक्का ठेवा, घरी फक्त बघायचं, उघडायचं काही नाही. एकही नट, एकही पाईप, सर्व्हिस पोर्टची (गॅस भरायच्या तोंडाची) पिन, कशालाही पाना लावायचा नाही. गाडी थंड पाहिजे, म्हणजे सकाळी बाहेर पडायच्या आधी. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे शेवटचं लोक करत नाहीत, पण कंडेन्सरच्या मागे रेडिएटर आणि त्याला लागून इलेक्ट्रिक फॅन असतो, काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी पाणी गरम असेल तर तो अचानक सुरू होतो. बोटं गेलेली बघितलीयेत. डोळ्यांवर साधा सेफ्टी गॉगल, हातात ग्लोव्हज. तुमच्या एसीतला आर-१३४ए गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो, म्हणजे बाहेर आला की लागलीच तिथली सगळी उष्णता ओढून घेतो, कातडी पांढरी पडून फोड येतात आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका, गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, त्याला धड वासही नसतो. मोकळ्यावर करा.

मग टॉर्च घ्या, ग्रिलमधून बघा. शोधायचं काय, तर तेलकट डाग. गॅस दिसत नाही पण तो जाताना ऑइल सोडून जातो आणि त्या ऑइलवर आपल्या पुण्याची धूळ चिकटून काळा ओला ठिपका तयार होतो. बाकीचा कंडेन्सर कोरडा राखाडी आणि मध्येच एक काळपट ओलसर पट्टा, तो भाग संशयित. सगळ्यात आधी खालचे दोन कोपरे बघा, तिथे चिखल आणि पाला साचून ॲल्युमिनियम कुजतं, मग पाईप जिथे जोडलेत ते सांधे बघा, आणि मग मधल्या भागात खडी लागून फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) दबलेली जागा. तुम्ही बायपासने जाता म्हणजे डंपरची खडी खाताच आहात.

कर्वेनगर_निवांत
मस्त माहिती दादा. एक भाबडा प्रश्न, माझ्या गाडीखाली एसी लावला की पाण्याचं थारोळं होतं, तो लीकच ना?

भोसरीकर_एसीवाला
नाही हो, ते चांगलं लक्षण आहे. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थिजते, ते पाणी नळीने खाली पडतं. उलट भर पावसाळ्यात तासभर एसी लावून थेंब पडला नाही तर नळी तुंबलीये का बघा. रंगीत, चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, तो वेगळा आजार.

सिंहगडरोडकर
खूप आभार दादा, आजवर कोणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं. अजून एक, दुसऱ्या गॅरेजमध्ये गेज लावलं तेव्हा म्हणाला गाडी बंद असताना प्रेशर ९० च्या आसपास आहे म्हणजे गॅस भरपूर आहे, लीक आतल्या कॉइलमध्ये आहे. मला ते पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही.

इंजिनीअर_सहकारनगर
तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. बंद गाडीत प्रेशर किती दाखवतं हे गॅस किती आहे यावर ठरत नाही, आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. आर-१३४ए ला ३० डिग्रीला साधारण ९७ पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप), ३५ ला साधारण ११४. आत ४५० ग्रॅम असो नाहीतर २०० ग्रॅम, सकाळच्या थंड गाडीत आकडा तोच येणार. आकडा त्याहून बराच खाली आला म्हणजे द्रव संपलाय, एवढंच त्यातून कळतं. किती गॅस आहे हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच, मशीनने सगळा परत काढून वजन करायचं आणि बोनेटखालच्या स्टिकरवर कंपनीने लिहिलेल्या ग्रॅमशी ताडून बघायचं. आणि प्रेशरवरून लीक आतल्या कॉइलमध्ये की बाहेरच्या कंडेन्सरमध्ये, हे तर कुठल्याच गेजला सांगता येत नाही. डॅशबोर्ड उतरवायला तर बिलकुल देऊ नका अजून.

पौडफाटा_८९
आमच्या गल्लीतला एक जण लायटर फिरवतो, ज्योतीचा रंग बदलला की लीक. पंक्चरवाल्याकडून हवा भरून साबण लावतात तेही बघितलंय. फुकटात काम होतं.

भोसरीकर_एसीवाला
भाऊ, हे दोन्ही कृपा करून कोणी करू नका.

ज्योतीचा प्रकार जुन्या आर-१२ च्या काळातला. त्या गॅसमध्ये क्लोरीन होतं, तांब्याच्या तुकड्यावर ज्योत धरली की हिरवी व्हायची. आर-१३४ए मध्ये क्लोरीनच नाही, रंग बदलण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणजे लीक सापडत नाही ते नाहीच, वर ज्योतीत हा गॅस फुटून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो फुप्फुसाला जाळतो. गॅसचं काम चालू असताना सिगारेटसुद्धा नको ते त्यासाठीच. शिवाय बाजारात स्वस्तातला म्हणून जो गॅस मिळतो त्यात कधी कधी एलपीजीसारखी ज्वलनशील भेसळ असते, तुमच्या गाडीत आधीच्या माणसाने काय भरलंय हे लायटरवाल्याला कुठून माहीत असणार.

पंक्चरवाल्याची हवा का नको, तर त्यात पाणी असतं. एसीचं पीएजी ऑइल पाणी ओढून घेतं, आत आम्ल तयार होतं आणि सगळं आतून खातं. आणि आत आर-१३४ए शिल्लक असताना दाबाखाली हवा मिसळली तर ते मिश्रण पेट घेऊ शकतं, एरवी न जळणारा गॅस आहे तरीही. ऑक्सिजनचं सिलिंडर तर कोणी लावायचं मनातही आणू नये, ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन म्हणजे सरळ स्फोट.

प्रेशर द्यायचंच तर कोरडा नायट्रोजन, आणि तोही रेग्युलेटर लावूनच, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये २००० पीएसआयच्या वर दाब असतो. आमच्याकडे आधी उरलेला गॅस मशीनने काढून घेतो, मग नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत हळूहळू सोडतो आणि सगळ्या सांध्यांना साबणपाणी लावतो. हे घरी करायचं काम नाही, पण तुमच्या समोर करायला सांगायचं काम नक्की आहे.

वारजे_माळवाडी_आई
साबणपाणी साधंच का? आणि ते लावल्यावर कंडेन्सर खराब नाही ना होत?

भोसरीकर_एसीवाला
भांड्यांचं लिक्विड जरा घट्टसर कालवायचं, जोरात फेटायचं नाही, नाहीतर आधीच फेस होतो आणि काही कळत नाही. मऊ ब्रशने लावा आणि घाई न करता मिनिट-दोन मिनिटं बघत बसा. मोठा लीक असेल तर भसाभस फुगे येतात, बारीक असेल तर साबुदाण्यासारखे पांढरे कण हळूहळू एका जागी जमत जातात, तेच निसटतं लोकांच्या नजरेतून. नंतर साध्या पाण्याने धुवून टाका, साबण ॲल्युमिनियमवर वाळू द्यायचा नाही. घरीसुद्धा आहे त्या प्रेशरवर, इंजिन बंद ठेवून, हे करता येतं. फक्त प्रेशर वॉशर मारू नका, फिन्स आडव्या होतात आणि आधीच कुजलेली नळी तिथेच फुटते.

यूव्ही_टॉर्चवाला
यूव्ही डायबद्दल, म्हणजे गॅसबरोबर टाकतात त्या यूव्ही उजेडात चमकणाऱ्या रंगाबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षी गॅस भरताना डाय टाकला होता का ते बिलावर बघा. टाकला असेल तर रात्री, पिवळा चष्मा लावून, यूव्ही टॉर्चने कंडेन्सर बघा, लीकच्या जागी पोपटी चमक दिसते. पण फसू नका, बऱ्याच कूलंटमध्येही चमकणारा रंग असतो आणि रेडिएटर कंडेन्सरला चिकटूनच असतो, त्यामुळे चमकलं म्हणजे एसीच असं नाही. कूलंट पाण्याने पटकन धुतलं जातं, एसीचा डाय ऑइलमध्ये असल्याने बोटाला बुळबुळीत लागतो, अर्थात ग्लोव्हज घालून. आणि टॉर्च डोळ्यांत मारून घेऊ नका, कुणा पोराच्या हातातही देऊ नका.

कर्वेनगर_निवांत
आमचा मेकॅनिक म्हणतो पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम मारून ठेवला, काटा हलला नाही, म्हणजे लीक नाही. एवढं पुरे ना?

इंजिनीअर_सहकारनगर
पुरे नाही. व्हॅक्यूममध्ये आतबाहेरचा फरक फार तर एका वातावरणाचा, म्हणजे १४-१५ पीएसआय, आणि तोही बाहेरून आत दाबणारा. एसी चालू असताना कंडेन्सरमध्ये २०० पीएसआय किंवा उन्हाळ्यात त्याहून जास्त दाब आतून बाहेर असतो. काही चिरा दाबानेच उघडतात, व्हॅक्यूममध्ये उलट बंद होऊन बसतात. व्हॅक्यूम आतली हवा आणि पाण्याची वाफ काढण्यासाठी हवाच, पण लीक शोधायला नायट्रोजन.

आणि पुण्यातली एक गोष्ट, आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत, त्यामुळे साध्या गेजवर पूर्ण व्हॅक्यूम झाला तरी काटा (पाऱ्याच्या) २८ इंचाच्या आसपासच थांबणार. पुस्तकातला २९-३० चा आकडा इथे येत नाही म्हणून पंप खराब किंवा सिस्टिम लीक असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तसंच नायट्रोजन संध्याकाळी ३५ डिग्रीला १५० वर भरला आणि पहाटे २० डिग्रीला बघितला तर नुसत्या गारव्याने आठेक पीएसआय खाली दिसेल, तो लीक नाही. त्याहून जास्त उतरला तर आहे.

सिंहगडरोडकर
आज सकाळी बघितलं, जसं सांगितलंत तसंच, बॅटरी काढून. फोटो टाकलाय. गाडीसमोर उभं राहून बघितलं तर डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळा ओला डाग आहे, बाकी सगळा कंडेन्सर सुका खटखटीत आहे आणि त्या कोपऱ्यात कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत गुलमोहराची पानं कुजून अक्षरशः माती झालीये. टिश्यूने टिपलं तर तेलकट आलं. साबणपाण्याने मात्र एकही फुगा नाही. म्हणजे हाच लीक ना? आणि अजून एक दिसलं, जाड पाईपवरच्या पोर्टला निळी कॅप आहे, बारीक पाईपवरच्या पोर्टला कॅपच नाही, तोंड उघडं, आत धूळ.

भोसरीकर_एसीवाला
ताई, फार छान बघितलंत. डाग म्हणजे दाट संशय आहे, पण फुगा आला नाही म्हणून लीक नाही असंही नाही, सकाळच्या थंड गाडीत दाब नायट्रोजनच्या चाचणीपेक्षा कमी असतो, बारीक लीक त्यावर दिसत नाही. नायट्रोजनवर ठरवा.

कॅपचं बोललात ते फार महत्त्वाचं. जाड पाईप लो साइडचा म्हणजे कमी दाबाचा, बारीक पाईप हाय साइडचा म्हणजे जास्त दाबाचा. पोर्टच्या आत सायकलच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, ती एकटी कायम सील धरून ठेवेल अशी अपेक्षाच नसते, खरं सील कॅपमधल्या रबराने होतं. गॅस भरल्यावर कॅप लावायची विसरतात आणि हाय साइडच्या पिनमधून वर्षभर गॅस झिरपत राहतो. म्हणून एक डाग सापडला की तपासणी थांबवायची नाही, दोन्ही पोर्टच्या तोंडात साबणाचा थेंब टाकून बघायला सांगा. पिनला तुम्ही हात लावू नका, ती दाबली गेली की हाय साइडचा गॅस सरळ चेहऱ्यावर येतो.

अजून एक, छोटे कॅन घेऊन घरी गॅस भरायचे व्हिडिओ बघून कोणी हाय साइडला कॅन जोडू नका. इंजिन चालू असताना तिथला दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन हातात फुटतो. आणि बाटलीतलं 'लीक बंद करणारं' सीलंटही नको, ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलआधीचं गॅसचं बारीक तोंड) तुंबवतं आणि दुसऱ्याचं गॅस काढायचं मशीनही खराब करतं, अशी गाडी आम्ही मशीनला लावत नाही.

मोशी_ईव्ही
माझी इलेक्ट्रिक गाडी आहे, हेच सगळं लागू का?

इंजिनीअर_सहकारनगर
टॉर्चने लांबून बघणं लागू, बाकी नाही. तिथे एसीचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, नारिंगी केबल दिसली की हात लांब. ऑइलही वेगळं लागतं, पीओई, त्यात साधं पीएजी गेलं तर इन्सुलेशन बिघडून गाडी फॉल्ट दाखवते. बऱ्याच गाड्यांत तोच गॅस बॅटरी गार ठेवायलाही वापरतात. ईव्हीचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसाकडेच जा.

सिंहगडरोडकर
अपडेट देते. तुमच्यापैकी एकाने मेसेजमध्ये सुचवलेल्या वर्कशॉपमध्ये गेले, उभं राहून सगळं बघितलं. आधी मशीनने गॅस काढला, स्टिकरवर ४०० ग्रॅम आहे आणि निघाला १५० च्या आतबाहेर, म्हणजे त्या ९० पीएसआयवाल्याचं बोलणं तिथेच संपलं. मग नायट्रोजन दिला. पुढचा बंपर सैल केला आणि साबणपाणी लावलं तर त्याच डावीकडच्या कोपऱ्यात खालून दुसऱ्या नळीवर पांढरे कण जमायला लागले, बघता बघता फेसाचा गोळा. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही, निदान दिसलं तरी. आणि हाय साइडच्या पिनमधूनही अगदी हळू, एकेक फुगा. कूलिंग कॉइलसाठी ब्लोअरच्या आतून आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने आधीच, गॅस काढायच्या अगोदर, बघितलं होतं, तिथे काही वाजलं नाही. म्हणजे डॅशबोर्ड वाचला. आता प्रश्न, तिथला एक जण म्हणतोय कंडेन्सरला ॲल्युमिनियम वेल्डिंग करून देतो, कमी पैशात. करावं का?

भोसरीकर_एसीवाला
नको. आताच्या कंडेन्सरच्या नळ्या चपट्या असतात आणि आत बारीक बारीक कप्पे, पत्रा अगदी पातळ. एका जागी वेल्डिंग केलं तर त्या उष्णतेने शेजारची कुजलेली जागा उघडते, आणि तुमचा तर अख्खा कोपराच कुजलाय. खडी लागून एकच भोक पडलं असतं आणि बाकी कंडेन्सर नवा असता तर गोष्ट वेगळी होती. नवा घ्या, नाना पेठेत चौकशी करा, कंपनीचाच हवा असं नाही पण डब्यावर तुमच्याच मॉडेलचा नंबर पाहिजे आणि दोन्ही तोंडांना कॅप लावलेला असला पाहिजे, उघडा पडलेला घेऊ नका.

वारजे_माळवाडी_आई
काढलेल्या गॅसचं काय करतात? आमच्या इथे एक जण सरळ पाईप सैल करून सोडून देतो, फुस्स करून ढग येतो.

इंजिनीअर_सहकारनगर
तसं सोडू देऊ नका, तुमच्या गाडीचं काम असेल तर थेट सांगा. ओझोनला आर-१३४ए धोका करत नाही हे खरं, पण उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरला जातो, म्हणजे अर्धा किलो गॅस सोडला तर सातशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली तो याच गॅसचा वापर कमी करण्यासाठी. मशीनने काढलेला गॅस गाळून, ऑइल-पाणी वेगळं करून परत वापरता येतो, तुमचे पैसेही वाचतात. आणि सोडणारा माणूस तो ढग नाकातोंडात घेत असतो, त्यालाही कोणीतरी सांगायला हवं.

सिंहगडरोडकर
ठरलं, नवाच घेते. शनिवारी बसवणार आहेत. समोर उभं राहून काय काय बघू?

भोसरीकर_एसीवाला
ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारी डबी) कंडेन्सरबरोबर नवा येतोय ना ते बघा, वेगळा असेल तर तोही बदलायला लावा, सिस्टिम उघडली की जुना ड्रायर पाणी पिऊन बसतो. ओ-रिंगा (सांध्यातल्या रबरी रिंगा) नव्या, एसीसाठीच्याच, कुठल्याही साध्या रबराच्या नाहीत, आणि लावताना पीएजी ऑइलचं बोट फिरवलेलं. नव्या कंडेन्सरसाठी मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं ऑइल वरून घालायचं. हाय साइडची पिन बदलून त्यावर कॅप. रेडिएटरच्या फटीतला पाला आत्ताच काढून घ्या, बंपर परत परत उतरत नाही. मग पुन्हा नायट्रोजन, पुन्हा साबण, मग अर्धा तास तरी व्हॅक्यूम, आणि गॅस वजनकाट्यावर, ४०० ग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅम, हाताने पाईप गार लागला म्हणून बस्स असं नाही. बिलावर ग्रॅम लिहून घ्या, आणि डाय टाकायला सांगा.

यूव्ही_टॉर्चवाला
डाय टाकला की बोनेटखाली तारखेचं स्टिकर लावून घ्या म्हणजे पुढच्या माणसाला परत टाकावा लागणार नाही. टॉर्च माझ्याकडे आहे, आनंदनगरजवळच राहतो, महिन्याभराने रात्री कधीही या, दहा मिनिटांत बघून टाकू.